तात्यांची फियाट

राहात्याला आमच्या घरामागे एक गोठा आहे. त्यात आता जनावरं नाहीत, एक प्रीमियर पद्मिनी आहे. 1974 ची, म्हणजे 'पद्मिनी' हे नाव लागलं त्याच वर्षीची. घरात मात्र तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही. ती "तात्यांची फियाट". तात्या म्हणजे माझे थोरले काका. बारा-तेरा वर्षं ती एका जागी उभी होती, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कोंबड्या. गेल्या दिवाळीत चुलतभाऊ म्हणाला, "चालू करायची का रे हिला?" आणि मी हो म्हणून बसलो. तो गावातच असतो, मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे सगळं काम शनिवार-रविवारचं.

भावाचा प्लॅन तयार होता. मूळ इंजिन काढायचं आणि निस्सानचं ए-12 टाकायचं. हा काही त्याचा शोध नव्हे. 1985 मध्ये प्रीमियरनेच 118 एनई काढली होती, फियाट 124 ची बॉडी आणि आत निस्सानचं 1171 सीसीचं इंजिन. त्या गाड्या भंगारात निघायला लागल्यावर त्यांचं इंजिन आणि गिअरबॉक्स पद्मिनीत बसवणं हा हौशी मंडळींचा आवडता उद्योग झाला. ताकद जास्त, आणि स्टिअरिंगखालची ती दांडी जाऊन गिअर खाली जमिनीवर येतात. मलाही पटलं होतं. लेगसी सिस्टीम आहे, जुनं मॉड्यूल काढा, नवं लावा, काम संपलं.

मग एका रविवारी रात्री पिस्टन रिंगा मागवायच्या म्हणून मी इंजिनाचे आकडे शोधत बसलो आणि तिथे घोटाळा झाला.

बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75 मिलिमीटर, चार सिलिंडर, 1089 सीसी. हेच आकडे 1937 च्या फियाट 508 सी नावाच्या गाडीचे आहेत. म्हणजे तात्यांच्या गाडीतल्या इंजिनाचं घराणं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. डिझाइन दान्ते जिआकोसा या इंजिनिअरच्या हाताखालचं. तेव्हा ते 32 हॉर्सपॉवर द्यायचं, आमच्या पद्मिनीत चाळीसेक देतं. चाळीस वर्षांत आठ हॉर्सपॉवर! आमच्या सरकारी वेबसाइटही याहून भराभर सुधारतात. :)

पण खरी गंमत पुढे आहे. युद्ध संपल्यावर तोरिनोमध्ये पिएरो दुसियो नावाचा उद्योगपती होता. सायकलीसकट बरेच उद्योग होते त्याचे. त्याला रेसिंग कार काढायची होती. त्याने जिआकोसालाच गाठलं. जिआकोसा फियाटच्या नोकरीत, त्यामुळे हे काम त्याने नोकरी सांभाळून फावल्या वेळात केलं (वीकेंड प्रोजेक्टवाल्यांनी इथे मान डोलवावी). स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यात फियाट 1100 चंच इंजिन, घासूनपुसून साठेक हॉर्सपॉवरपर्यंत चढवलेलं. 1946 मध्ये ही गाडी रेसमध्ये उतरली, चिसितालिया डी 46. पाठोपाठ आली चिसितालिया 202, पिनिन फारिनाने बॉडी केलेली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्टच्या म्युझियमने 1951 मध्ये मोटारी 'कला' म्हणून मांडल्या, त्या आठ गाड्यांमध्ये ही होती. गाडीचा फोटो शोधून बघा. आणि मग डोळे मिटून आठवा की बॉनेटखाली दादरच्या टॅक्सीचं इंजिन आहे.

1947 च्या मिले मिलिया शर्यतीत तात्सिओ नुवोलारी 202 ची उघडी आवृत्ती घेऊन उतरला. वय 54, तब्येत ढासळलेली, आणि समोर जवळजवळ तिप्पट सीसीची अल्फा रोमिओ. तरी तो पुढे होता. मग धो धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं आणि वेळ गेला. दुसरा आला. मुंबईच्या पावसात किंग्ज सर्कलला बॉनेट उघडून, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून फडक्याने पुसणारा टॅक्सीवाला ज्यांनी पाहिलाय त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

एन्झो फेरारीने अल्फा सोडल्यावर 1940 मध्ये पहिल्यांदा जी गाडी बांधली (करारामुळे तिला स्वतःचं नाव लावता येत नव्हतं), तीही याच फियाट 1100 चे सुटे भाग घेऊन. मोदेनाच्या स्तांग्वेलिनीने 1958 पासून फॉर्म्युला ज्युनिअरच्या गाड्या केल्या, इंजिन पुन्हा हेच. स्वस्त, साधं, सगळीकडे मिळणारं इंजिन, आणि ते गॅरेजमध्ये घासून पळवणारी माणसं. युद्धानंतरच्या इटलीत पैसा नव्हता, पण लेथ होते आणि त्यावर हात चालवणारे मेस्त्री होते.

आता आपल्याकडे वळू.

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं, विमानं, साखर सगळं करून झाल्यावर 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये गाड्या बाहेर पडायला लागल्या, आधी अमेरिकन क्रायसलर कंपनीच्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जोडत होती, फोर्डही मुंबईत होती. मग 1953 मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी नको, इथे बनवायचा कार्यक्रम असेल तरच राहा. दोघींनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, आणि 1954 पासून फियाट 1100 आली, जिला मुंबईने लगेच 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती हीच. 1964 मध्ये 1100 डी आली, दरवाजे सुलटे झाले. आणि तिथे घड्याळ थांबलं. इटलीत 1100 ची मालिका 1969 मध्ये संपली. आपल्याकडे प्रेसिडेंट झाली, पद्मिनी झाली, बंपर-जाळ्या-दिवे बदलले, पण पत्र्याखालची गाडी 2000 च्या सुमाराला उत्पादन थांबेपर्यंत जवळपास तीच.

कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे. पण किंमत सरकार ठरवणार, किती गाड्या काढायच्या ते लायसन्स ठरवणार, आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं. अशा वेळी कुठला मॅनेजर नवीन इंजिनावर पैसे घालील? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आल्यावर हे गणित फिरलं, तोवर उशीर झाला होता.

म्हणजे कारखान्याने जे सुधारायला हवं होतं ते मालकांनी सुधारलं. अंगणात. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला, कारण रात्री हेडलाइट लावून वायपर चालवला की बॅटरी मान टाकायची. मागे बेल्ट नव्हते ते लावले. उन्हाळ्यात घाटात पेट्रोल पंपातच उकळायचं, गाडी बंद, मग पंपावर ओलं फडकं. आमच्या गाडीच्या डिकीत ते फडकं अजून आहे, वाळून पापडासारखं झालेलं. कोणी पंपाखाली जाड पॅकिंग घालायचं, कोणी इलेक्ट्रिक पंप बसवायचं. हे एकाने दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. ओपन सोर्स म्हणतात ते दुसरं काय असतं? फक्त डॉक्युमेंटेशन नव्हतं, पण ते आम्हीही कुठे लिहितो.

आमच्या भागात याला अजून एक कारण होतं. राहाता तालुका उसाचा. साखर कारखाना म्हटला की वर्कशॉप आलं, टर्नर-फिटर आले, आणि संध्याकाळी घरी लेथवर खाजगी कामं करणारेही आले. तात्यांच्या फियाटचं किंगपिनचं बुशिंग दोनदा असंच बनवून घेतलंय. पुढच्या चाकांच्या त्या किंगपिनांना वेळच्या वेळी ग्रीस मारलं नाही तर स्टिअरिंग डळमळतं. तात्या दर अमावास्येला ग्रीसगन घेऊन गाडीखाली जायचे. का अमावास्या, तर विसरायला होत नाही म्हणून. क्रॉन जॉब!

पण उसाने या गाडीला दिलं तसं तिच्याकडून घ्यायलाही सुरुवात केलीय.

टाकी उघडली तेव्हा तळाला गंज आणि त्यावर पाणी. पेट्रोलची रबरी नळी बोटाने दाबली तर चिकट मातीसारखी. पंपाचा पडदा फुगून वाकडा. मला आधी वाटलं, म्हातारपण. मेस्तरींनी वास घेतला आणि म्हणाले, "इथेनॉल." देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग 2001 मध्ये झाले ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे. मनमाड आमच्यापासून साठेक किलोमीटर, याच रस्त्यावर. तेव्हा प्रमाण 5 टक्के होतं, 2025 पर्यंत ते 20 वर गेलं. शेतकऱ्याच्या बाजूने मी याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही, आमच्या घरात उसाचेच पैसे येतात. पण 1974 च्या रबराला हे कोणी विचारलं नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीत ते तळाला बसतं आणि टाकी गंजते. लिटरमागे त्याची ऊर्जाही पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. आधी 2000 मध्ये शिसं गेलं पेट्रोलमधून. हवेसाठी ते उत्तमच, पण शिशाचा मुलामा गेल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजायला लागल्या. आमच्या हेडच्याही झिजल्यात.

तर यादी अशी झाली: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा पडदा, हेडला कडक सीट, टाकी आतून साफ करून कोटिंग, मेन जेट एक नंबर मोठा. इंजिन न बदलता एवढं 'अपग्रेड' करावंच लागणार होतं. नाही केलं तर गाडी "ओरिजिनल" राहील आणि चालणार नाही.

भावाला मी चिसितालियाचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "भारी आहे. पण ए-12 टाकलं तर नाशिकला आरामात जाऊन येऊ." मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी कायद्याकडे वळलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत असे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांबद्दल कडक भूमिका घेतली. दुसरीकडे 2021 च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली खाजगी गाडी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसेल तर, वेगळ्या 'व्हीए' नंबराने नोंदवता येते. नवी नोंदणी 20 हजार रुपये, दहा वर्षांसाठी. आमची गाडी त्यात नुकतीच बसायला लागलीय. मी खूश. इंजिन ठेवायला सरकारी कारण मिळालं.

रविवारी जेवताना हे सगळं तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या नंबरावर शिर्डीला जाता येईल ना गुरुवारी?"

नाही येत. विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला नेता येते. रोजच्या वापराला नाही.

"आरं मंग ती गाडी कशाची? देव्हाऱ्यात ठेवायची का?" तात्या 81 वर्षांचे आहेत. याच गाडीतून त्यांनी आजीला शेवटचं नगरला दवाखान्यात नेलं होतं. भावाची बारशाची वरातही यातूनच आली. त्यांना एकदा स्वतः दांडीचा गिअर टाकून शिर्डीपर्यंत जायचंय, पाच-सहा किलोमीटर. नुवोलारी कोण ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. पावसात इग्निशन भिजल्याचं ऐकून म्हणाले, "टोपीला ग्रीस लावलं नसंल."

तर विंटेजचा अर्ज तूर्त केलेला नाही. साध्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं, दर पाच वर्षांनी करतात तसं, आणि इंजिन जुनंच ठेवायचं. भावाने एवढं मान्य केलंय की पावसाळ्याआधी गाडी डोंगर चढली नाही तर विषय पुन्हा काढायचा. सुटे भाग मिळायची अडचण अजून तरी नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावर नाही, पण त्या टॅक्सींची हाडं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सापडतात. आमची डिस्ट्रिब्युटरची टोपी तिथूनच आली, आतून एका टॅक्सीवाल्याने खिळ्याने कोरलेलं आडनाव आहे तिच्यावर.

हेड टर्नरकडे गेलंय, सीट बसवायला. शनिवारी मिळेल म्हणालाय, म्हणजे रविवारी. तोवर मी पुण्यात पॉइंटचा गॅप किती ठेवायचा यावर तात्यांशी फोनवर भांडतोय. मॅन्युअल एक सांगतं, ते म्हणतात पोस्टकार्ड आत सरकलं की बस्स. आता पोस्टकार्ड कुठून आणू ते सांगा.