कांदळवन वाचलं, पण खाडीकाठच्या माणसाचं काय?

मंडळी, सरकारी भाषेत 'दलदल' आणि 'पडीक' म्हणून ज्या जागा हिणवल्या गेल्या, त्या खाडीकाठच्या माणसाला कधीच पडीक नव्हत्या. तिथे खेकडे होते, कालवं होती, चुलीला सरपण होतं.

लांबून सगळी एकसारखी हिरवी झुडपं दिसतात. जवळ जा म्हणजे कळेल. तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात, आणि त्याचं बी झाडावरच रुजतं. गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला धोका. शिवाय चिप्पी, काजळा, मारांडी. प्रत्येकाची भरतीच्या पाण्यातली जागा ठरलेली.

रायगडच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या मातीचे बांध घालून याच खाडीतून भातशेती काढली. त्यासाठी झाडं तोडलीही, हे मान्य करू. पण बांधाबाहेरची तिवरं त्याने राखली, कारण लाटेचा जोर तीच मोडतात. १९४८ साली मुंबई खारभूमी कायदा आला, १९७९ साली महाराष्ट्राचा. बांध सरकारच्या योजनेत गेले आणि अनेक ठिकाणी त्यांची देखभाल मागे पडली. बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं आणि त्यामागून तिवरंही आत आली.

तिकडे मुंबईत भराव टाकून कांदळवन गिळणं चालूच होतं. अखेर प्रकरण कोर्टात गेलं. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तोड थांबवली आणि झाडांपासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष झाली.

हे सगळं हवंच होतं. त्याशिवाय आज काही उरलं नसतं.

पण ज्याच्या सातबाऱ्यावर अजून भातशेती आहे आणि शेतात तिवर उगवलंय, त्याने काय करायचं? तोडलं तर गुन्हा, राखलं तर उपाशी. बिल्डरसाठी आणलेली मनाई त्याच्याही दारात उभी आहे, आणि बांध फुटला त्यात त्याची चूक नव्हती.

उत्तराचा एक तुकडा वेंगुर्ल्यात सापडतो. मांडवी खाडीत मच्छीमार घरांतल्या बायकांनी 'स्वामिनी' बचत गटातून कांदळवन सफर सुरू केली. मोटारबोट नाही, हाताने वल्हवायची होडी. पाहुण्यांना त्याच झाडं ओळखायला शिकवतात. झाड उभं राहिलं तर रोजगार उभा, इतका सरळ हिशोब. २०१७ मध्ये सरकारनेही कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आणली. त्यात खेकडापालन, कालवंपालन आणि निसर्ग पर्यटन आहे.

आता भीती दुसरीच आहे. पर्यटन चालतंय म्हटल्यावर खाडीकाठी रिसॉर्ट, जेट्टी, डीजे यायला वेळ लागत नाही. मग फलकावर 'इको' असेल आणि गावातली माणसं तिथे भांडी घासत असतील.

म्हणून मागणी साधी आहे. खाडीतल्या होड्यांचा परवाना आधी तिथल्या गावाला द्या. किती होड्या जाऊ द्यायच्या ते ठरवून टाका. आणि ज्याचं शेत कांदळवनात गेलं त्याला मोबदला द्या. झाडाला कायद्याने हक्क मिळाला. ते राखणाऱ्याला कधी मिळणार?

तुमच्या खाडीत काय चित्र आहे? कमेंटमध्ये लिहा.