भिंतीलगतचा वाफा

घराच्या दक्षिणेकडील भिंतीला लागून दोन-तीन हात जागा मोकळी असेल, तिच्यावर ऊन भरपूर पडत असेल आणि वाऱ्याला आडोसा असेल, तर तेथें काय लावावें, हा प्रश्न वरवर पाहतां माळ्याचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं इतिहास आहे. हें माझ्या ध्यानांत येण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. नव्या मुंबईंत बेलापूर येथें आमच्या गृहसंस्थेंत असा विचार निघाला कीं, वाफ्यांतील परकीं झाडें काढून टाकावीं आणि केवळ देशी झाडेंच ठेवावीं. विचार ऐकण्यास गोड होता. परंतु पहिला घाव पडणार होता तो आमच्या मातोश्रींनीं पनवेलच्या जुन्या घरांतून बीं आणून लावलेल्या गुलबक्षीवर. "हीच जर परकी, तर आपली कोण?" असें त्यांनीं विचारलें, आणि मला उत्तर सुचेना.

इतिहास मातोश्रींच्या बाजूचा नव्हता. गुलबक्षी मूळची अमेरिका खंडांतील. इंग्रज तर तिला 'पेरू देशाचा चमत्कार' म्हणतात. परंतु तिला घालवावयाचें तर तिच्यामागून किती जणांना निरोप द्यावा लागेल! ज्याच्यावांचून दसऱ्याचें तोरण होत नाहीं तो झेंडू आणि लग्नमंडपांत दरवळणारा निशिगंध हे दोघेहि मेक्सिकोकडचे. देवळापुढचा पांढरा चाफा आणि कर्दळ हींहि अमेरिकेचींच, सदाफुली मादागास्करची. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांचीं जहाजें येऊं लागलीं आणि नव्या जगांतील वनस्पतींना आपला किनारा मोकळा झाला. देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा जो ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला, त्यांत आपल्या पारिजातकाचें वर्णन आहे.

पुढें एकोणिसाव्या शतकांत या हौसेला संस्थेचें रूप आलें. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान तें हेंच. तिच्या उभारणींत ज्यांचा हात होता, ते जॉर्ज बर्डवुड जन्मानें बेळगांवचे.

परंतु याच हौसेनें आपल्याला एक कडू धडाहि दिला आहे. घाणेरी हें अमेरिकेंतील झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेसाठीं आणलें गेलें. पक्ष्यांनीं त्याचीं फळें खाऊन बीं रानोमाळ नेलें. पाला विषारी, म्हणून गुरें त्याला तोंड लावीत नाहींत. त्याच्या जाळीखालीं गवत आणि देशी रोपें गुदमरून जातात. झेंडू आणि घाणेरी एकाच खंडांतून आलीं. एक आपल्या तोरणांत बसला, दुसरी रान गिळून बसली. तेव्हां पाहुण्याची परीक्षा त्याच्या गांवावरून नव्हे, वागणुकीवरून करावी, हें उघड आहे.

आणखी एक सावधगिरी हवी. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत उन्हांतल्या आडोशाच्या वाफ्याची फार स्तुति असते. कारण तेथें तापलेली भिंत झाडाला थंडीपासून वांचविते. आपल्याकडे तीच भिंत एप्रिल-मे महिन्यांत रात्रींहि झळ सोडते. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें हा वाफा दिवसभर उजळलेला राहतो. मेच्या मध्यास तो ठीक डोक्यावर येतो. आडोसा हवा तो थंडीपासून नव्हे, नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यापासून. आणि खरा शत्रु म्हणजे मुळांशीं सांचणारें पाणी. म्हणून वाफा वीतभर उंच करावा. मागें तगर आणि कण्हेर लावावी. कण्हेर विषारी असल्यानें ती लहान मुलांच्या हाताबाहेर असावी. मध्यें कोरांटी, अबोली व मोगरा. पुढें तुळस, आणि दसऱ्यास फुलें हवीं तर जुलै-ऑगस्टांत लावलेला झेंडू. यांत देशी पुष्कळ आहेत, तीं जुनीं म्हणून नव्हे, तर हें ऊन आणि हा पाऊस त्यांना अंगवळणीं पडला आहे म्हणून.

सिडकोची स्थापना १९७० सालची. या नगरांतील बहुतेक कुटुंबें कोठून ना कोठून येऊनच येथलीं झालीं. त्यांनीं तरी झाडाला मूळ गांव विचारूं नये. हें सारें मीं संस्थेच्या सभेंत सांगितलें, आणि गुलबक्षी राहिली. घरीं येऊन ही वार्ता दिली, तेव्हां मातोश्री वाफ्यापाशींच बसल्या होत्या. पडलेल्या बियांतून उगवलेलीं गुलबक्षीचीं जास्तीचीं रोपें त्या एकेक करून उपटीत होत्या. "ठेवावयाची तर आवरावीहि लागते," एवढेंच त्या म्हणाल्या.