मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, हैदराबाद

उर्दू शाळेतून शिकलेल्या मुलांचे बारावीनंतर काय? इंग्रजीच्या भीतीने अनेकांचे शिक्षण इथेच सुटते. अशांसाठी हैदराबादचे 'मानू' हा चांगला पर्याय आहे. संसदेच्या कायद्याने १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय विद्यापीठाला देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव दिले आहे. उर्दूचा विकास, उर्दू माध्यमातून तांत्रिक व व्यावसायिक शिक्षण आणि स्त्रीशिक्षण ही त्याची उद्दिष्टे कायद्यातच लिहिलेली आहेत.

इथे बी.एड., पत्रकारिता, संगणक, पॉलिटेक्निक असे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशासाठी आधीच्या शिक्षणात उर्दू माध्यम किंवा उर्दू विषय लागतो. मान्यताप्राप्त मदरशांच्या सनदाही चालतात. घर सोडता येत नसेल तर दूरशिक्षण आहे. औरंगाबादेत (छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाचे अध्यापक महाविद्यालयही आहे.

मुख्य कॅम्पस गच्चीबावलीत, हायटेक सिटीजवळ आहे. चारमिनार, मक्का मशीद जुन्या शहरात. १५९१ मध्ये कुली कुतुबशहाने वसवलेले हे शहर मराठवाड्याला परके नाही. १९४८ पर्यंत आपण एकाच निजामी राज्यात होतो. इथली दखनी बोलीही ओळखीची वाटेल.

मुलींना लांब पाठवायला घरचे कचरतात. आधी एकदा सोबत जाऊन कॅम्पस, हॉस्टेल पाहून या, मग ठरवा.