केळशीची ओटी आणि मुंबईची खोली



दापोली तालुक्याच्या उत्तर अंगाला, खाडीच्या मुखाशी केळशी हे गाव वसले आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, पुढे ओटी, आत माजघर आणि मागे माडपोफळींचे परसू, ही तेथील सुस्थितीतल्या घराची जुनी ठेवण. गरिबाच्या भिंती कुडाच्या असत. परंतु अंगण त्यालाही होते. अशा गावांतील कर्ता पुरुष हर्णैच्या बंदरात आगबोट गाठून पोटासाठी मुंबईस जाई. तेथील गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा भरणा फार मोठा होता. या माणसाने मुंबईत राहावे कोठे, हा प्रश्न सरकारला प्रथम सुचला तो दयाबुद्धीने नव्हे, तर रोगाच्या भयाने.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. कोंदट चाळी हे त्याचे माहेरघर ठरले आणि 1898 साली कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. काही चाळीही बांधल्या. परंतु आरंभीच्या काळात पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे थोडीच उठली. बेघर झालेला मजूर शेजारच्या चाळीत शिरला आणि तेथली गर्दी वाढली. प्रकाश आणि वारा यांची काळजी घेतली गेली. त्या दोहोंपासून हुसकल्या गेलेल्या माणसाची घेतली गेली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी कडाडली, तेव्हा 1918 साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पुढे 1920 साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी विकास खाते उघडले. बीडीडी चाळी ही त्याची निर्मिती. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. पैसा कर्जरोख्यांतून उभारला आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून 207 चाळी झाल्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची. केळशीतल्या एखाद्या मोठ्या घराची ओटीसुद्धा याहून प्रशस्त असेल!

आणि तरीही पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. एकीकडे मजूर दाटीवाटीने राहत होते आणि दुसरीकडे सरकारी खोल्यांना कुलपे होती. याचे कारण उघड आहे. बांधकामाचा खर्च भरून निघावा इतके भाडे मजुराला झेपत नव्हते. ते खर्चाखाली उतरविले, तरीही मजुरीच्या मानाने जडच होते. सरकारने खोल्या मोजल्या. मजुराचा पगार मोजला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच्या उलट चूक झाली. 1947 च्या भाडेकायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला त्याने खरा आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु चुना, लाकूड, मजुरी महागत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. मालकांनी डागडुजी सोडून दिली. अखेर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी 1969 साली सरकारलाच निराळा कायदा करावा लागला. दरम्यान 1948 च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले होते; 1977 साली ते म्हाडात विलीन झाले. वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या ऑगस्ट 2025 मध्ये. शतक उलटल्यावर!

गावाकडची घरे सरकारी धोरणात फार उशिरा आली. 1985 साली इंदिरा आवास योजना निघाली. 2016 साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आली. किमान 25 चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपयांचे साहाय्य, हा तिचा आरंभीचा नियम. त्यानंतर 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची छपरे उडविली आणि बागा आडव्या केल्या, तेव्हा ज्याचे पत्रे व कौले गेली त्याला नव्या घराहून आधी हवी होती दुरुस्तीची रक्कम, आणि तीही पाऊस धरण्यापूर्वी.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. घर बांधणे हे सरकारी कार्याचे पहिले पाऊल होय, शेवटचे नव्हे. भाडे किंवा हप्ता मिळकतीत बसतो काय, पुढची वीस वर्षे दुरुस्ती कोण करील, आणि घरातला माणूस पोटासाठी जेथे जातो तेथे त्याला छप्पर आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक नव्या योजनेला विचारावयास हवेत. ते विचारले गेले नाहीत, म्हणून केळशीसारख्या गावांत दारांना कुलपे लागली आणि मुंबईत एकेका खोलीत दहा-दहा माणसे निजली. घर असून माणूस नाही आणि माणूस असून घर नाही, हा कोकणचा जुना हिशेब आहे. तो जुळविणे हेच गृहधोरणाचे खरे काम होय.