गाढव, मेंढी, मांजर आणि माकड

रोम शहरांत पॅलाटाइन नांवाची टेकडी आहे. प्राचीन सम्राटांचे राजवाडे याच टेकडीवर होते. इ. स. १८५७ मध्यें तेथें उत्खनन चालू असतां एका पडक्या इमारतीच्या गिलाव्यावर टोकदार वस्तूनें कोरलेलें एक ओबडधोबड चित्र सांपडलें. क्रुसावर एक मनुष्य टांगलेला आहे. परंतु त्याचें डोकें गाढवाचें आहे. शेजारीं एक तरुण हात उंचावून उभा आहे, आणि अलेक्सामेनॉस आपल्या देवाची पूजा करीत आहे, अशा अर्थाचा ग्रीक मजकूर खालीं खरडलेला आहे. विद्वान लोक हें चित्र सामान्यतः इ. स. २०० च्या सुमाराचें मानतात. क्रुसावरील येशूचीं जीं अत्यंत जुनीं चित्रें आज उपलब्ध आहेत, त्यांपैकीं हें एक होय. आणि तें कोणा भक्तानें नव्हे, तर टवाळखोरानें काढलेलें आहे.

हल्लीं इंटरनेटवर येशूचीं आणि बायबलांतील प्रसंगांचीं विनोदी चित्रें फिरूं लागलीं, तेव्हां अनेक भाविक मंडळींना हा कलियुगाचा नवा उद्धटपणा वाटला. त्यांत नवल नाहीं. परंतु पॅलाटाइनच्या भिंतीवरून दिसतें कीं, ख्रिस्ती धर्म आणि हास्य यांची गांठ जवळजवळ अठराशें वर्षांपूर्वींच पडलेली होती. पाहावयाचें तें इतकेंच कीं, हंसणारा कोण आणि ज्याला तो हंसतो त्याची ओळख त्याला कितपत आहे.

अलेक्सामेनॉसची थट्टा करणाऱ्यास ही ओळख मुळींच नव्हती. ख्रिस्ती लोक गाढवाचें मस्तक पूजतात, अशी एक वदंता त्या काळीं रोमन साम्राज्यांत पसरली होती. कार्थेज येथील ख्रिस्ती लेखक टर्टुलियन यानें इ. स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत अशाच एका चित्राची हकीकत दिली आहे. गाढवाचे कान, एका पायाला खूर, हातांत पुस्तक आणि अंगावर रोमन झगा, असें तें ध्यान होतें. केवळ ख्रिस्ती म्हणवून घेतल्याबद्दल देहान्त शिक्षा होऊं शकत होती, असे ते दिवस. तरीही टर्टुलियन सांगतो कीं, त्या चित्राचें नांव आणि रूप पाहून आम्हां ख्रिस्ती लोकांनाही हंसूं आलें. दुर्बलाच्या हातीं दुसरें शस्त्र नसतें, तेव्हां हंसणें हेंच त्याचें चिलखत होतें.

हजार वर्षें लोटलीं. ख्रिस्ती धर्म साम्राज्यांचा धर्म झाला, आणि बाहेरच्यांनीं हिणवण्यासाठीं आणलेलें गाढव आतां खुद्द चर्चमध्यें मानानें आलें. १२ व्या शतकापासून उत्तर फ्रान्सांतील मोठ्या चर्चमध्यें वर्षारंभाच्या सुमारास ‘मूर्खांचा उत्सव’ होऊं लागला. या दिवशीं कनिष्ठ दर्जाचे धर्मसेवक वरिष्ठांची जागा घेत, आणि अधिकाराची काठी त्यांच्या हातीं येई. ईश्वर बलवंतांना सिंहासनावरून खालीं ओढतो व दीनांना उंच करतो, अशा आशयाचें मरियेचें स्तोत्र चर्चमध्यें रोज म्हटलें जाई. या दिवशीं त्याचा प्रयोगच होई म्हणावयाचा. १२२२ मध्यें निवर्तलेले सांस येथील आर्चबिशप प्येर द कोर्बेय यांच्या नांवावर असलेल्या उपासनाविधींत तर गाढवाची स्तुति करणारें लॅटिन गीतच आहे. परंपरेप्रमाणें ज्यानें मरियेला व बाळ येशूला इजिप्तला नेलें, आणि ज्याच्या पाठीवर बसून येशू जेरुसलेमांत शिरला, त्या प्राण्याचा हा सन्मान होता.

वरिष्ठांना हा प्रकार फार काळ रुचला नाहीं. १४३५ मध्यें बाझेल येथील धर्मपरिषदेनें त्यावर बंदी घातली. १४४५ मध्यें पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांनीं एक पत्रक काढून सांगितलें कीं, हे लोक मुखवटे चढवितात, वेदीपाशीं फांसे खेळतात आणि धूपपात्रांत जुन्या जोड्यांचे तळ जाळतात. मॅक्स हॅरिस या अभ्यासकानें २०११ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, या वर्णनांत अतिशयोक्ति पुष्कळ असून मूळ उत्सव बराच शिस्तीचा होता. मात्र त्याच पत्रकांत उत्सवाच्या कैवाऱ्यांचा एक युक्तिवाद नोंदलेला आहे, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मद्याच्या पिंपाला अधूनमधून वारा दिला नाहीं, तर तें फुटतें. माणसाचेंही तसेंच आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

इंग्लंडांत हेंच हास्य नाटकाच्या रूपानें रस्त्यावर आलें. वेकफील्डच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १५ व्या शतकांतील नाट्यसंग्रहांत धनगरांचें एक नाटक आहे. मॅक नांवाचा भामटा धनगरांची मेंढी चोरतो, आणि ते शोधाला येतांच तिला पाळण्यांत निजवून, बायकोला नुकतेंच मूल झालें असा बहाणा करतो. धनगर निघून जातात. पण बाळाच्या हातावर कांहीं ठेवलें नाहीं म्हणून चांगुलपणानें परत फिरतात, पांघरूण उचलतात, आणि चोरी उघडकीस येते. ते मॅकला कांबळ्यांत घालून वर उडवितात आणि तेवढ्यावर सोडून देतात. त्यानंतर देवदूत येतो, आणि हेच धनगर बेथलेहेमला जाऊन खऱ्या बाळापुढें गुडघे टेकतात. ख्रिस्ती धर्मांत येशूला देवाचें कोंकरूं म्हणतात, हें ज्याला ठाऊक असेल त्यालाच पाळण्यांतल्या मेंढीची गंमत पुरती कळेल. विनोद करणारा आणि हंसणारा दोघेही एकाच घरचे होते. पुढें धर्मसुधारणेच्या वाऱ्यांत असलीं नाटकें बंद पडलीं. यॉर्क शहरांत त्यांचा शेवटचा प्रयोग १५६९ मध्यें झाला, आणि पुन्हां रंगभूमीवर येण्यास १९५१ साल उजाडावें लागलें.

चर्चच्या आवारांत जागा उरली नाहीं, तरी रस्त्यावरची होती. चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वीं खाण्यापिण्याची व सोंगांची धमाल करण्याची रीत युरोपांत सर्वत्र होती. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यांत आली. त्यांच्या ‘एंत्रूदु’ या शब्दाचेंच ‘इंत्रूज’ झालें, आणि पणजीच्या रस्त्यांवर मोमो राजा आपलें चार दिवसांचें राज्य पुकारतो तें याच परंपरेंत.

विसाव्या शतकांत चित्रपटानें हा वाद पुन्हां पेटविला. १९७९ मध्यें मॉन्टी पायथन या इंग्रज विनोदी नटमंडळीचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ हा चित्रपट निघाला. येशूच्याच वेळीं शेजारच्या गोठ्यांत जन्मलेल्या ब्रायन नांवाच्या सामान्य मुलाला लोक चुकून तारणहार समजतात, अशी त्याची कथा आहे. नॉर्वेनें कांहीं काळ आणि आयर्लंडनें १९८७ पर्यंत त्यावर बंदी ठेवली. वस्तुतः त्यांतील टोमणा येशूला नसून, विचार न करतां कोणाच्याही मागें धांवणाऱ्या जमावाला होता.

इंटरनेटनें या परंपरेंत आणखी दोन प्राण्यांची भर घातली. २००७ मध्यें कांहीं हौशी लोकांनीं मांजरांच्या कल्पित, अशुद्ध इंग्रजींत बायबलचें रूपांतर सुरूं केलें. त्यांत परमेश्वर झाला छतावरचें मांजर, आणि सैतान झाला तळघरांतलें मांजर. २०१० मध्यें त्यांतील निवडक भाग छापूनही निघाला. हा पोरखेळ खरा. पण मूळ वचन ठाऊक असल्यावांचून त्यांतली एकही ओळ लिहितां येत नाहीं, कीं तिला हंसतां येत नाहीं.

दुसरा प्राणी माकड. स्पेनमधील बोर्हा गांवाजवळच्या एका धर्मस्थानांत एलियास गार्सिया मार्तिनेस या चित्रकारानें १९३० च्या सुमारास काढलेलें, कांट्यांचा मुकुट घातलेल्या येशूचें भित्तिचित्र होतें. ओलीमुळें त्याचे पोपडे निघूं लागले. गांवांतील ऐंशी वर्षांवरील एका भाविक बाईनें तें आपल्या हातानें नीट करावयास घेतलें. काम अर्धवट असतांच, २०१२ च्या ऑगस्ट महिन्यांत, त्याचें छायाचित्र जगभर पसरलें. ‘एक्के होमो’, म्हणजे ‘पाहा हा मनुष्य’, या लॅटिन नांवाचें लोकांनीं ‘एक्के मोनो’, म्हणजे ‘पाहा हें माकड’, करून टाकलें. चित्रावरून कोट्या होत होत्या, आणि इकडे त्या बाईची प्रकृति ढांसळली होती. जगाला चित्र दिसत होतें, बाई दिसत नव्हती. भक्तीनें केलेल्या कामाची ही जाहीर विटंबना कोणाही वृद्ध माणसाला असह्यच झाली असती.

परंतु हळूहळू तिची कहाणी लोकांना कळली आणि हास्याचा सूर पालटला. प्रवासी मुद्दाम बोर्ह्याला येऊं लागले. दर्शनासाठीं लहानसें शुल्क ठेवण्यांत आलें, आणि त्या पैशाचा उपयोग तेथील वृद्धाश्रमाला झाला. २०१६ मध्यें त्या चित्राविषयीं माहिती देणारें केंद्रच तेथें उघडलें. चित्र तेंच राहिलें, ओळख मात्र वाढली.

१४ जून २०२४ रोजीं तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनीं शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्यें भेटीस बोलाविलें. आपल्या प्रिय माणसांशीं आपण जशी थट्टा करतों तशी देवाशींही करतां येते, भाविकांचें मन मात्र दुखवूं नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. १४३५ च्या बंदीपासून येथपर्यंत येण्यास चर्चला जवळजवळ सहाशें वर्षें लागलीं.

पॅलाटाइनवरील त्या इमारतींतच दुसऱ्या एका खोलीच्या भिंतीवर वेगळ्या हस्ताक्षरांत लॅटिनमध्यें दोनच शब्द कोरलेले आढळले आहेत. ‘अलेक्सामेनॉस निष्ठावंत’ असा त्यांचा अर्थ. तें त्या चित्राला दिलेलें उत्तर असावें, असें पुष्कळ अभ्यासकांना वाटतें. तें खुद्द अलेक्सामेनॉसनें कोरलें असो वा त्याच्या एकाद्या सोबत्यानें, त्यानें गाढवाचें चित्र पुसून टाकलें नाहीं. तें आजही रोममध्यें जपून ठेवलेलें आहे.