‘फड’: तमाशाचा आणि कुस्तीचा

सातारा-सांगलीच्या मुलखात गावच्या जत्रेला ‘फड’ हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. दिवसा कुस्त्यांचा फड, रात्री तमाशाचा फड. नाट्याने हा शब्द मल्लविद्येकडून घेतला की मल्लविद्येने नाट्याकडून, असा प्रश्न यावरून साहजिकच उद्भवतो. शब्दाचा अर्थविस्तार पाहता मात्र हा प्रश्न गैरलागू ठरतो.

मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘फड’ म्हणजे प्रथमतः सार्वजनिक व्यवहाराचे ठिकाण: न्यायसभा, पेठ, कचेरी. पुढे शेतमाल आणून त्यावरील सारा ठरविण्याची जागा, उसासारख्या पिकाचे शेत आणि खेळ करणाऱ्यांचा संच हेही अर्थ येतात. यांपैकी बहुतेक अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना दिसते. चारचौघांसमक्ष काही मांडले जाते, जोखले जाते आणि त्याचा निवाडा होतो. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो; कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत उत्तर अडले की लागतो. म्हणूनच ‘फड जिंकणे’ हा प्रयोग दोन्हीकडे अलंकारिक नसून वाच्यार्थानेच खरा आहे.

‘रंगभूमी’ हा प्रतिष्ठित शब्दही याला अपवाद नाही. महाभारताच्या आदिपर्वात राजपुत्रांची शस्त्रपरीक्षा ‘रंगा’तच होते, हरिवंशातील कंसाचा रंग हा मल्लांचा आखाडा आहे. म्हणजे ‘रंग’ आणि ‘फड’ यांच्यातील उच्चनीचता शब्दार्थातून आलेली नाही. ती इतिहासलेखनाने निर्माण केली. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील सांगलीच्या ‘सीता स्वयंवरा’पासून मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो; आजच्या सांगली जिल्ह्यातीलच रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये जन्मलेले पठ्ठे बापूराव मात्र बहुधा ‘लोककले’च्या प्रकरणात जातात.

या वाटणीची किंमत समीक्षेने मोजली आहे. ‘रंगभूमी’ने आपल्याला प्रेक्षक दिला, रसिक दिला, आस्वादाची परिभाषा दिली. ज्याच्या होकाराविना खेळ पुरा होत नाही, त्या निवाडा करणाऱ्या समुदायासाठी त्या परिभाषेत जागा नाही. ती जागा ‘फड’ या शब्दाने राखून ठेवली आहे.