किसान लाँग मार्च : नाशिकहून पायी निघालेल्या शेतकऱ्यांनी नेमकं काय मागितलं आणि काय मिळालं?

मार्च २०१८ मध्ये सोलून निघालेल्या, फोड आलेल्या पावलांचे फोटो देशभर फिरले. ती पावलं नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांची होती. त्यातले बरेचसे सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण अशा तालुक्यांतले आदिवासी होते. फोटो सगळ्यांना आठवतात. पण या शेतकऱ्यांना पुढच्या पाच वर्षांत आणखी दोनदा रस्त्यावर का उतरावं लागलं, हे फार जणांना माहीत नसतं.

मोर्चा कसा निघाला?

अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली ६ मार्च २०१८ रोजी नाशिकमधून मोर्चा निघाला. मुंबई-आग्रा महामार्गाने, कसारा घाट उतरून ११ मार्चला तो मुंबईत सोमय्या मैदानावर पोहोचला. निघताना हजारोंच्या संख्येत असलेला जमाव वाटेत वाढतच गेला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा निघाला असता तर वाहतूक कोंडीत विद्यार्थी अडकले असते. म्हणून दिवसभर चालून आलेले शेतकरी मध्यरात्रीनंतर पुन्हा उठले आणि रात्रीतूनच आझाद मैदानात गेले.

मुंबईकर का धावून आले?

या एका निर्णयाने शहराचा मोर्चाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. लोकांनी रस्त्यावर पाणी, बिस्किटं, खाण्याची पाकिटं आणि चपला वाटल्या. डॉक्टरांनी पायांवर मलमपट्टी केली. मुंबईचे डबेवालेही जेवण घेऊन आले. शेतकऱ्यांचा प्रश्न शहरात घराघरात बोलला जाऊ लागला, तसा सरकारवरचा दबावही वाढला.

मागण्या काय होत्या?

सरसकट कर्जमाफी, स्वामिनाथन आयोगानुसार हमीभाव, बोंडअळी आणि गारपिटीची भरपाई, निराधारांच्या पेन्शनमध्ये वाढ, रेशन कार्डांचे प्रश्न, महाराष्ट्राच्या नद्यांचं पाणी राज्यातच वापरणं अशा अनेक मागण्या होत्या. पण मोर्चातल्या आदिवासींसाठी सगळ्यात जिव्हाळ्याची मागणी होती ती कसत असलेली वनजमीन नावावर होण्याची.

वनपट्टा इतका महत्त्वाचा का?

शेतकरी असल्याचा आपल्याकडचा सर्वमान्य पुरावा म्हणजे सातबारा. पिढ्यानपिढ्या जंगलजमीन कसणाऱ्याच्या नावावर तो नसेल, तर पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई या सगळ्यात अडचण येते. कर्जच मिळालं नसेल, तर कर्जमाफीचा तरी काय उपयोग?

वनहक्क कायदा २००६ यासाठीच आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर हक्क मिळू शकतो. हा हक्क वारसांकडे जातो, पण जमीन विकता येत नाही. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. पुरावा म्हणून गावातल्या वयोवृद्धांचा जबाबही चालतो. जंगलात अतिक्रमण केलं म्हणून पूर्वी झालेल्या दंडाची पावतीसुद्धा इथे उपयोगी पडते.

कायदा असा असूनही दावे वर्षानुवर्षं प्रलंबित राहिले, अनेक फेटाळले गेले, तर काहींना कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला. मोर्चाची मुख्य तक्रार हीच होती.

सरकारने काय मान्य केलं?

१२ मार्चला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासोबत चर्चा झाली. सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या आणि वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं आश्वासन दिलं. त्याच संध्याकाळी शेतकऱ्यांना परत नेण्यासाठी भुसावळकडे विशेष रेल्वेगाड्या सोडल्या गेल्या.

हमीभावाची गोष्ट मात्र वेगळी होती. तो केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे राज्य फक्त पाठपुरावा करू शकतं. शिवाय 'दीडपट भाव' म्हणताना खर्च कोणता धरायचा, यावरच वाद आहे. केंद्र प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरतं. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरावं, अशी शेतकऱ्यांची मागणी आहे.

मग पुन्हा मोर्चे का निघाले?

आश्वासनं पाळली गेली नाहीत, असं सांगत फेब्रुवारी २०१९ मध्ये शेतकरी पुन्हा नाशिकहून निघाले. नवं लेखी आश्वासन मिळाल्यावर मोर्चा नाशिकजवळच थांबला.

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसरा मोर्चा निघाला. त्या वेळी कांद्याचे भाव कोसळले होते, त्यामुळे कांदा अनुदान ही मोठी मागणी होती. वनजमिनीची मागणीही यादीत कायम होती. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबत बैठक झाली. सुरुवातीला क्विंटलला ३०० रुपये जाहीर झालेलं अनुदान ३५० रुपये झालं.

या वेळी मात्र शेतकरी आश्वासन मिळताच परतले नाहीत. अंमलबजावणी सुरू झाल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवून ते ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदला मुक्काम ठोकून बसले. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. अखेर १८ मार्चला मोर्चा मागे घेतला गेला.

यातून काय दिसतं?

मोर्चाच्या गर्दीमुळे आणि शहराच्या सहानुभूतीमुळे सरकार चर्चेला बसलं, लेखी आश्वासनही मिळालं. पण वनपट्ट्याचा निर्णय शेवटी गावोगावच्या फायलींवर होतो. ग्रामसभेचा ठराव, मोजणी, समितीची बैठक यांतली एक पायरी अडली, तरी दावा तिथेच थांबतो. तिथे कॅमेरे नसतात आणि चपला वाटणारे मुंबईकरही नसतात. म्हणूनच २०१८ ची मागणी २०२३ च्या यादीतही होती.